खतावणी ते न्यायासन : कायदा शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी

जालना हे व्यापाराचे गाव. बियाणे, लोखंडी सळ्या, मोंढ्यातील भुसार आणि मोसंबी यांच्या उलाढालीवर येथील कितीतरी घरे उभी राहिली. त्यामुळे आपल्या समाजातील मुलगा अथवा मुलगी बारावी उत्तीर्ण झाली की घरातील चर्चा बहुधा दोनच वाटांनी जाते : सी.ए. व्हावे, की दुकान-कारखाना सांभाळावा? अलीकडे या दोन वाटांच्या शेजारी तिसरी एक वाट दिसू लागली आहे. छत्रपती संभाजीनगर येथे, म्हणजे आपल्यापासून अवघ्या साठ किलोमीटरवर, २०१७ साली महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ सुरू झाले. पुणे, मुंबई, नागपूर येथील विधी महाविद्यालयांतही आपली मुले जाऊ लागली आहेत. यांपैकी एखादे मूल सुटीत घरी येते आणि सांगते, "मला मूट कोर्टच्या संघात घेतले आहे. विषय आहे आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा."

मग घरात तीन प्रश्न उभे राहतात. हे नेमके काय असते? त्याचा उपयोग काय? आणि तिसरा, सर्वांत अवघड प्रश्न : अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या आपल्या मुलीने नरसंहाराच्या आरोपीची बाजू का मांडावी? मी कायद्याचा पदवीधर नाही. बँकेतील नोकरीत कागदपत्रे तपासण्यात माझे आयुष्य गेले. निवृत्तीनंतर काही विद्यार्थ्यांच्या सरावात न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून प्रश्न विचारण्याचे काम माझ्याकडे आले, आणि त्या निमित्ताने या विषयाचे वाचन घडले. वरील तीन प्रश्नांची उत्तरे पालकांपुढे ठेवावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अभिरूप न्यायालय : खेळ नव्हे, अभ्यास

मूट कोर्ट म्हणजे अभिरूप न्यायालय. एक काल्पनिक प्रकरण तयार केले जाते. त्यातील घटना, तारखा, साक्षीदारांची निवेदने सर्व संघांना सारखीच दिली जातात. प्रत्येक संघाने आधी लेखी युक्तिवाद सादर करायचा, त्याला मेमोरियल म्हणतात. नंतर न्यायाधीशांसमोर उभे राहून तोंडी युक्तिवाद करायचा. न्यायाधीश मध्येच अडवतात, उलटसुलट प्रश्न विचारतात, आणि गुण मिळतात ते बहुतांशी या प्रश्नोत्तरांतूनच.

हा प्रकार हौसेपुरता उरलेला नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार प्रत्येक विधी विद्यार्थ्याला तो करावाच लागतो. शंभर गुणांच्या एका प्रात्यक्षिक विषयात तीस गुण अभिरूप न्यायालयाला, तीस प्रत्यक्ष खटल्यांच्या निरीक्षणाला, तीस पक्षकारांच्या मुलाखती व खटल्याच्या पूर्वतयारीला आणि दहा तोंडी परीक्षेला आहेत. ज्यांना यात गोडी लागते, ते आंतरमहाविद्यालयीन आणि पुढे आंतरराष्ट्रीय स्पर्धांकडे वळतात. चेन्नईची 'सुराणा अँड सुराणा' ही विधी संस्था अनेक वर्षे देशभरातील विद्यार्थ्यांसाठी अशा स्पर्धा भरवते. आडनाव वाचून वाचकांना आपलेपणा वाटला, तर ते साहजिकच आहे.

आंतरराष्ट्रीय फौजदारी कायद्याच्या क्षेत्रात दोन स्पर्धा विशेष मानाच्या आहेत. एक नेदरलँड्समधील हेग शहरात होते. तिचे आयोजन लायडन विद्यापीठ करते आणि तेथील प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयासमोर चालले आहे, असे कल्पून युक्तिवाद केले जातात. दुसरी जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे होते. तिची अंतिम फेरी कोर्टरूम ६०० मध्ये, म्हणजे जेथे १९४५-४६ साली नाझी नेत्यांवर खटला चालला त्याच दालनात होते. भारतात आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या पुढाकाराने भरणारी हेन्री द्युनाँ स्मृती स्पर्धा युद्धकाळातील मानवतेच्या नियमांवर आधारलेली असते. द्युनाँ हे जिनिव्हाचे गृहस्थ. त्यांच्या उमेदवारीची सुरुवात एका सराफी पेढीत झाली होती. १८५९ साली व्यवसायाच्या कामासाठी इटलीत गेले असता सोल्फेरिनोच्या रणभूमीवर बेवारस पडलेले जखमी त्यांनी पाहिले, आणि त्या दर्शनातून रेडक्रॉसची चळवळ जन्मली. व्यवसायाने नंतर त्यांची साथ सोडली, १८६७ साली दिवाळे निघाले. पण १९०१ मधील पहिल्या शांतता नोबेल पारितोषिकाचे ते सहमानकरी ठरले.

हेगमधील दोन न्यायालये

पालकांचा एक गोंधळ प्रथम दूर केला पाहिजे. हेगमध्ये दोन वेगवेगळी न्यायालये आहेत. पहिले आंतरराष्ट्रीय न्यायालय. तेथे राष्ट्र विरुद्ध राष्ट्र असे दावे चालतात. कुलभूषण जाधव यांचे प्रकरण भारताने तेथेच नेले. १७ जुलै २०१९ रोजी पंधरा विरुद्ध एक अशा बहुमताने, जाधव यांना भारतीय वकिलातीशी संपर्क न देऊन पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचा भंग केल्याचा आणि शिक्षेचा प्रभावी फेरविचार करण्याचा निर्णय त्या न्यायालयाने दिला. भारताची बाजू मांडणारे हरीश साळवे मूळचे धुळे जिल्ह्यातले. त्यांचे कायद्याचे शिक्षण नागपूर विद्यापीठात झाले, आणि वकिलीआधी ते चार्टर्ड अकाउंटंट होते. म्हणजे 'सी.ए. की कायदा' हा आपल्या घरातील वाद त्यांनी दोन्ही करून मिटवला! त्या न्यायासनावर असलेले न्यायमूर्ती दलवीर भंडारी हे जोधपूरचे, आणि पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.

दुसरे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. येथे राष्ट्रावर नव्हे, तर व्यक्तीवर खटला चालतो. त्याची स्थापना ज्या कराराने झाली तो १७ जुलै १९९८ रोजी रोम येथे संमत झाला आणि १ जुलै २००२ पासून अमलात आला. १२० राष्ट्रांनी बाजूने, सात राष्ट्रांनी विरुद्ध मत दिले आणि एकवीस तटस्थ राहिली. भारत या एकविसांत होता, आणि आजही त्या कराराचा सदस्य नाही. सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार आणि बंदी घातलेल्या शस्त्रांत अण्वस्त्रांचा समावेश नसणे, हे भारताचे प्रमुख आक्षेप होते. "आपला देश सदस्य नसताना हा कायदा शिकायचा कशाला?" असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की आक्षेप घेण्यासाठीही विषय पक्का माहीत असावा लागतो. आणि आंतरराष्ट्रीय मंचावर आपली बाजू मांडणारी माणसे याच वर्गांतून घडतात.

आपला मराठवाडाही या जगाला अगदीच अनोळखी नाही. १९४८ च्या ऑगस्टमध्ये निजामाच्या हैदराबादने आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नेली होती. १६ सप्टेंबर रोजी परिषदेत चर्चा झाली आणि दुसऱ्याच दिवशी हैदराबाद मुक्त झाले. त्याच वर्षी ९ डिसेंबरला नरसंहारविरोधी करार आणि १० डिसेंबरला मानवी हक्कांचा जाहीरनामा संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारला.

चार गुन्हे आणि पुराव्याच्या तीन पायऱ्या

रोम करारात चार गुन्हे आहेत : नरसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमणाचा गुन्हा. शिक्षा जास्तीत जास्त तीस वर्षांची, अथवा अपवादात्मक गंभीर प्रकरणात जन्मठेपेची. मृत्युदंड तेथे नाही. ही गोष्ट आपल्या वाचकांनी अवश्य लक्षात घ्यावी.

या न्यायालयाचा पहिला निकाल १४ मार्च २०१२ रोजी लागला. काँगोमधील थॉमस लुबांगा या सशस्त्र गटाच्या नेत्याला पंधरा वर्षांखालील मुलांना सैन्यात भरती करून लढाईत वापरल्याबद्दल दोषी ठरवण्यात आले. २०१६ साली माली देशातील टिंबक्टू येथील जुनी समाधिस्थळे पाडणाऱ्या अल महदी याला नऊ वर्षांची शिक्षा झाली. मंदिर, मूर्ती आणि ग्रंथभांडार यांचे मोल जाणणाऱ्या समाजाला या निकालाचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

विद्यार्थ्यांना प्रथम शिकावी लागते ती पुराव्याची पायरी. अटकेचे वॉरंट काढताना आरोपीने गुन्हा केला असे मानण्यास वाजवी आधार पुरतो. आरोपनिश्चितीच्या वेळी त्याहून भरीव आधार लागतो. दोषी ठरवताना मात्र वाजवी शंकेला जागाच उरता कामा नये. प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे, हे न पाहता युक्तिवाद सुरू करणारा संघ पहिल्याच प्रश्नाला अडखळतो. बँकेतही अर्ज स्वीकारणे, कर्ज मंजूर करणे आणि रक्कम अदा करणे या तीन वेळी तपासणीची कसोटी वेगवेगळी असते. ज्याला हा फरक एकदा कळला, त्याला हा विषय अवघड जात नाही.

खतावणीची साक्ष

हा विषय व्यापारी आणि हिशेबी समाजाला परका वाटावा, याचे मला नवल वाटते. कारण जगातील मोठ्यात मोठे गुन्हेही वहीखात्यात उमटले आहेत.

न्यूरेंबर्गच्या आरोपींमध्ये जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचे, राइशबँकेचे, दोन अध्यक्ष होते. एक यालमार शाख्त, आणि जानेवारी १९३९ मध्ये त्यांना दूर केल्यावर त्याच खुर्चीवर बसलेले वाल्टर फुंक. १९४२ च्या ऑगस्टपासून एस.एस. संघटनेचा मेल्मर नावाचा अधिकारी बँकेत माल आणून देऊ लागला : नाणी, दागिने, घड्याळे, चष्म्यांच्या सोनेरी काड्या आणि दातांचे सोने. छळछावण्यांत मारल्या गेलेल्या माणसांचा तो ऐवज होता. बँकेने तो मोजला, वजन केला, किंमत ठरवली आणि खात्यात जमा केला. १९४५ च्या एप्रिलमध्ये मर्कर्स येथील मिठाच्या खाणीत अमेरिकी सैन्याला या ऐवजाचा साठा सापडला. बँकेच्या मौल्यवान धातू विभागाचे प्रमुख न्यायालयात साक्षीला उभे राहिले.

बँकेत असा माल येत असल्याचे आपल्याला ठाऊक नव्हते, असा फुंक यांचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. त्यांना ते ठाऊक होते, अथवा त्यांनी जाणूनबुजून डोळे मिटून घेतले होते, असा निष्कर्ष काढून त्यांना जन्मठेप दिली. शाख्त मात्र निर्दोष सुटले. त्यांच्यावर आक्रमक युद्धाच्या कटाचा आरोप होता. शस्त्रसज्जतेला पैसा पुरवणे एवढ्याने तो सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. खुर्ची एकच, माणसे दोन, निकालही दोन. फौजदारी न्याय पदाकडे पाहून नव्हे, तर प्रत्येकाचे ज्ञान आणि कृती वेगवेगळी तपासून निर्णय देतो, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

दुसरे उदाहरण व्यापाऱ्यांचे. मार्च १९४६ मध्ये हॅम्बर्ग येथील ब्रिटिश लष्करी न्यायालयासमोर 'टेश आणि श्टाबेनोव' या पेढीचा मालक, व्यवस्थापक आणि एक तंत्रज्ञ असे तिघे उभे होते. ही पेढी झायक्लॉन-बी हे कीटकनाशक विषारी द्रव्य पुरवीत असे. ते छळछावण्यांत माणसे मारण्यासाठी वापरले जात होते, हे मालक आणि व्यवस्थापक यांना ठाऊक होते काय, हा खरा प्रश्न होता. पेढीच्याच एका माजी हिशेबनिसाने पेढीविरुद्ध माहिती दिली होती. मालक आणि व्यवस्थापक दोषी ठरले; तंत्रज्ञाचा पुरवठ्यावर प्रभाव नव्हता म्हणून तो सुटला.

श्रावकाच्या बारा व्रतांचा ज्यांना परिचय आहे, त्यांना येथे काही ओळखीचे शब्द आठवतील. चोरीचा माल स्वीकारणे, म्हणजे स्तेनाहृत, हा तिसऱ्या अणुव्रताचा अतिचार आहे. विषवाणिज्य हे पंधरा कर्मादानांपैकी एक आहे. प्रतिक्रमणात आपण हे शब्द वर्षानुवर्षे उच्चारतो. राइशबँकेच्या तळघरात आणि हॅम्बर्गच्या त्या पेढीत त्यांचा अर्थ प्रत्यक्ष उभा राहिलेला दिसतो.

आणखी एक साम्य. आपल्याकडे कर्म केवळ 'कृत' नसते. ते 'कारित' आणि 'अनुमोदित'ही असते. मन, वचन, काया हे तीन योग. संरंभ, समारंभ, आरंभ, म्हणजे संकल्प, सिद्धता आणि प्रत्यक्ष प्रवृत्ती, या तीन अवस्था. कृत, कारित, अनुमोदित हे तीन प्रकार. आणि चार कषाय. यांचा गुणाकार एकशे आठ, आणि जपमाळेच्या मण्यांची एक उपपत्ती हीच सांगितली जाते. रोम कराराचे पंचविसावे कलम पाहावे. स्वतः करणारा, दुसऱ्याकडून करवून घेणारा, आज्ञा देणारा, चिथावणी देणारा, साहाय्य करणारा अशा सर्वांची जबाबदारी त्यात वेगवेगळी मांडली आहे. अठ्ठाविसाव्या कलमात हाताखालच्यांना न रोखणाऱ्या सेनापतीची जबाबदारी आहे.

मात्र हे साम्य ताणू नये, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. कर्मसिद्धांत आत्म्याच्या बंधाचा विचार करतो, तर न्यायालय सिद्ध करता येण्याजोग्या कृतीचा. मनातील अनुमोदनाला कर्माच्या दरबारात फळ असेल, पण न्यायालयात शिक्षा नाही. 'अनुमोदन होते' एवढे म्हणून अभियोग पक्षाचे भागत नाही. साहाय्य कोणते, कोणत्या दिवशी, कोणत्या जाणिवेने, हे त्याला दाखवावेच लागते. आपल्या परंपरेची ओळख विद्यार्थ्याला प्रश्न विचारायला शिकवते. उत्तर त्याने कायद्यातूनच शोधले पाहिजे.

तयारी कशी करावी

पहिले पंधरा दिवस कायद्याचे पुस्तक उघडू नये, केवळ प्रकरण वाचावे. प्रत्येक घटनेचा तारीखवार तक्ता करावा आणि तिच्यासमोर परिच्छेदाचा क्रमांक लिहावा. मग तीन रकाने पाडावेत : प्रकरणात स्पष्ट सांगितलेले, त्यावरून अनुमान करता येण्याजोगे, आणि जेथे प्रकरण गप्प आहे ते. तिसऱ्या रकान्यातील जागा कल्पनेने भरणे हा या क्षेत्रातील मोठा दोष समजला जातो. कर्जप्रकरणाच्या छाननीत कागद काय सांगतो याइतकेच तो काय सांगत नाही हे पाहावे लागते, येथेही तसेच.

त्यानंतर कायदा. रोम करार आणि त्याला जोडलेला 'गुन्ह्यांचे घटक' हा दस्तऐवज न्यायालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहे. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचेच उदाहरण घ्या. केवळ एक खून सिद्ध करून भागत नाही. नागरी लोकसंख्येवर व्यापक अथवा पद्धतशीर हल्ला झाला होता, तो खून त्या हल्ल्याचा भाग होता आणि आरोपीला त्याची जाणीव होती, हे तिन्ही दाखवावे लागते. विद्यार्थ्याने प्रत्येक घटकासमोर आपल्या प्रकरणातील परिच्छेद लिहावा. ज्या घटकासमोर जागा रिकामी राहील, ती अभियोग पक्षाची कमजोरी आणि बचाव पक्षाचे बळ.

निकाल मूळ स्वरूपात वाचावेत, सारांशावर विसंबू नये. काँगोचे माजी उपराष्ट्राध्यक्ष जाँ-पिएर बेंबा यांना २०१६ साली सेनापतीच्या जबाबदारीखाली दोषी ठरवून अठरा वर्षांची शिक्षा झाली. २०१८ मध्ये अपिलात पाचपैकी तीन न्यायाधीशांच्या बहुमताने ते सुटले. दूरच्या देशात लढणाऱ्या सैन्याला रोखण्यासाठी सेनापतीने कोणते उपाय करणे वाजवी होते, यावर न्यायाधीशांतच मतभेद झाला. हे दोन्ही निकाल आणि अल्पमतातील न्यायाधीशांचे म्हणणे शेजारीशेजारी ठेवून वाचणारा विद्यार्थी एका महिन्यात खूप पुढे जातो.

हेगच्या स्पर्धेत एकाच संघाला अभियोग पक्ष, बचाव पक्ष आणि तिसरा पक्ष अशा भूमिका तयार कराव्या लागतात. हा तिसरा पक्ष बहुधा पीडितांचा प्रतिनिधी असतो, तर काही वर्षी एखाद्या शासनाचा वकील. पीडितांना आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार ही या न्यायालयाची मोठी देणगी आहे. सरावात भूमिकांची अदलाबदल अवश्य करावी. आज अभियोग मांडणाऱ्याने उद्या बचाव मांडावा. याला कोणी चटकन अनेकांतवाद म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. दोन्ही बाजू बोलता येणे हे कौशल्य झाले. दुसऱ्याच्या म्हणण्यात जो अंश खरा आहे तो मान्य करून मग आपले म्हणणे मांडणे, ही अनेकांताची खरी खूण. चांगले न्यायाधीश नेमका याच गोष्टीला मान देतात. "महोदय, हा मुद्दा आमच्या विरुद्ध जातो हे खरे, तरीही..." असे म्हणू शकणारा विद्यार्थी विश्वास मिळवतो.

तोंडी युक्तिवादात पहिला नियम असा, की न्यायाधीशाने प्रश्न विचारताच बोलणे थांबवावे, आधी 'होय' किंवा 'नाही' असे सरळ उत्तर द्यावे, मग कारण सांगावे आणि नंतर मूळ मुद्द्याकडे परतावे. आपल्या मुनींच्या पाच समितींतील भाषा समिती येथे कामाला येते : मोजके, सत्य आणि आवेशरहित बोलणे. पाठांतर केलेले भाषण पहिल्याच प्रश्नाला कोसळते.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. त्यांच्यासाठी एक साधा उपाय सुचवतो. संपूर्ण प्रकरण प्रथम मराठीत आपल्या आजीला समजावून सांगावे. आजीला कळले, तर ते आपल्याला कळले. मग तेच लहान वाक्यांत इंग्रजीत उतरवावे आणि रोज एका निकालपत्राची दोन पाने मोठ्याने वाचावीत. उच्चारापेक्षा विचाराचा क्रम स्पष्ट असणे अधिक महत्त्वाचे आहे. हे न्यायाधीशही जाणतात, कारण त्यांच्यापैकी कित्येकांची मातृभाषा इंग्रजी नसते.

आरोपीची बाजू का मांडावी?

आता तिसरा प्रश्न. सरावाच्या वेळी जालन्याच्याच एका मुलीने तो मला विचारला. तिच्या वाट्याला बचाव पक्ष आला होता. "काका, घरी आजी म्हणते, इतक्या लोकांना मारणाऱ्याची वकिली केलीस तर अनुमोदनेचे पाप लागेल. मी काय उत्तर देऊ?" प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. आजीचे व्रत खरे होते आणि नातीची तळमळही खरी होती.

उत्तरासाठी मी तिला हेगला नव्हे, मुंबईला नेले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसे मृत्युमुखी पडली. जिवंत पकडलेल्या अजमल कसाबचे वकीलपत्र घेण्यास अनेक वकिलांनी नकार दिला. २००९ साली न्यायालयाने ज्या महिला वकिलांची नेमणूक केली, त्यांच्या घरासमोर निदर्शने झाली. लोकांचा संताप समजण्यासारखा होता. पुढे नेमणूक बदलली, पण न्यायालयाने बचावाचा वकील दिल्याशिवाय खटला चालवला नाही. जळगावचे उज्ज्वल निकम यांनी शासनाची बाजू मांडली. ३ मे २०१० रोजी विशेष न्यायालयाने कसाबला दोषी ठरवले. २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आरोपीला दंडाधिकाऱ्यासमोर प्रथम उभे करतानाच वकील मिळण्याच्या त्याच्या हक्काची जाणीव करून दिली पाहिजे.

या खटल्यातील एक गोष्ट फारशी कोणाच्या स्मरणात नसते. कसाबबरोबर आणखी दोन भारतीय आरोपी होते. त्यांच्याविरुद्धचा पुरावा टिकला नाही, आणि विशेष न्यायालय, उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालय या तिन्ही ठिकाणी ते निर्दोष ठरले. पुराव्याची उलटतपासणी करणारे कोणीच नसते, तर त्या दोघांचे काय झाले असते? बचावाच्या वकिलाने तेथे हिंसेचे समर्थन केले नाही. खरा आणि खोटा पुरावा वेगळा करण्याचे काम त्याने केले. आणि दोषी ठरलेल्याविरुद्धचा निकाल जगापुढे ताठ मानेने उभा राहिला, तोही त्यामुळेच.

मी तिला म्हटले, "आजींना सांग, दुसऱ्या अणुव्रतात कूटसाक्ष्य वर्ज्य आहे. खोटा साक्षीदार उभा करायचा नाही, खोटा कागद द्यायचा नाही, ही मर्यादा तू पाळलीस तर तुझे काम वजनकाटा तपासण्याचे आहे. काटा तपासणारा मालाचा मालक होत नाही." आजींचे पूर्ण समाधान झाले की नाही, मला ठाऊक नाही. पण त्या सरावाच्या पुढच्या बैठकीला येऊन मागच्या खुर्चीवर बसल्या, आणि नातीने पीडितांचा उल्लेख 'संख्या' म्हणून केल्यावर त्यांनीच तिला टोकले : "संख्या कशाला म्हणतेस? माणसे म्हण." ती दुरुस्ती त्या मुलीने आपल्या लेखी युक्तिवादातही केली.

घराने आणि संघाने काय करावे

पालकांनी या अभ्यासाकडे 'यातून कमाई काय' एवढ्याच नजरेने पाहू नये. पण तोही प्रश्न रास्त आहे, म्हणून सांगतो. पुरावा वाचणे, मुद्देसूद लिहिणे, अवघड प्रश्नाला शांतपणे उत्तर देणे, हे तिन्ही गुण ज्याच्याकडे आहेत, त्याला न्यायाधीशपदाच्या परीक्षेत, उच्च न्यायालयाच्या खंडपीठात, कंपनीच्या कायदा विभागात आणि कौटुंबिक व्यवसायाच्या करारमदारातही स्थान आहे. १९८१ साली जालना स्वतंत्र जिल्हा झाला, आणि त्याच वर्षी औरंगाबादला उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाले. दारात आलेल्या त्या संधीकडे व्यापारी समाजाने पक्षकार म्हणूनच अधिक पाहिले. आता वकील आणि न्यायाधीश म्हणूनही पाहावे.

संघाने आणि ट्रस्टने तीन गोष्टी कराव्यात, असे सुचवावेसे वाटते. पहिली, सरावासाठी जागा. प्रवचनाच्या वेळा सोडून स्थानकाचे अथवा भवनाचे सभागृह आठवड्यातून दोन संध्याकाळी उपलब्ध करून द्यावे. दुसरी, प्रश्नकर्ते. समाजातील वकील, सनदी लेखापाल, डॉक्टर, निवृत्त अधिकारी यांनी न्यायाधीश म्हणून बसावे. कायदा येत नसला तरी चालेल, कारण 'हे मला समजले नाही' असे म्हणणारा माणूस विद्यार्थ्याला सर्वांत जास्त शिकवतो. तिसरी, निधी. परदेशी स्पर्धेचा नोंदणी, व्हिसा आणि प्रवासखर्च मध्यमवर्गीय घराला झेपत नाही. विद्यार्थी साहाय्य निधीतील काही भाग यासाठी राखून ठेवावा, रक्कम थेट संबंधित संस्थेला द्यावी, पावत्या घ्याव्यात आणि वार्षिक अहवालात त्याचा हिशेब छापावा. परतलेल्या विद्यार्थ्याने पुढच्या दोघांना तयार करावे, ही एकच अट घालावी. ही परतफेड व्याजासहित वसूल होते, असा माझा अनुभव आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक विनंती. 'एवढ्या लांब कशाला', 'फौजदारी विषय मुलींना कशाला' असे म्हणून त्यांना अडवू नये. दक्षिण आफ्रिकेतील भारतीय वंशाच्या नवनीतम पिल्ले या बसचालकाच्या कन्या. रवांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या त्या न्यायाधीश होत्या. त्यांचा सहभाग असलेल्या पीठाने २ सप्टेंबर १९९८ रोजी दिलेल्या अकायेसू निकालात स्त्रियांवरील बलात्कार हा नरसंहाराचा भाग ठरू शकतो, हे प्रथमच मान्य झाले. पुढे त्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्याही न्यायाधीश झाल्या. ज्या पीठावर एकही स्त्री नसती, त्या पीठाला पीडित स्त्रियांची साक्ष तितकीच ऐकू आली असती का, हा विचार प्रत्येक पित्याने करावा.

आपल्या पूर्वजांनी चोपडीच्या पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहिले आणि जमा-खर्चाचा मेळ रोज घातला. नोंद खरी असली पाहिजे, हा संस्कार त्या चोपडीनेच आपल्याला दिला. जगाच्या न्यायासनापुढे उभे राहायला निघालेल्या मुलाला अथवा मुलीला आपण देऊ शकतो ती हीच शिदोरी. येत्या सुटीत घरातील विधी विद्यार्थ्याला जवळ बसवा, त्याचे प्रकरण ऐका, आणि न समजलेला पहिला प्रश्न मोकळेपणाने विचारा. त्याची तयारी तेथूनच सुरू होईल.